चार मागांचं घर

हेरवाडे बाई माझ्या मुलाच्या पाठीमागं उकिडव्या बसल्या होत्या आणि चमच्यानं स्टीलची वाटी वाजवत होत्या. आधी हळू, मग जोरात, मग जरा डावीकडं सरकून, मग उजवीकडून. केदार त्यांच्याकडं पाठ करून सुताच्या रिकाम्या कांड्या एकावर एक रचत होता. बाई वाटी वाजवायच्या, थांबायच्या आणि मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहायच्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझं सगळं लक्ष त्या वहीवर होतं.

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याचं माप मी कधी डोळे मिटून घेतलं नाही. आहेराची साडी आली की पदर उजेडाला धरून आधी वीण बघते आणि मग देणाऱ्याकडं बघून हसते. तेव्हा ओळखदेख नसलेली एक पंचविशीतली पोरगी भर दुपारी लुनावरून येते, बालविकास केंद्रातून आलेय म्हणते आणि माझ्याच घरातली वाटी माझ्याच पोराच्या मागं वाजवत बसते, तर माझ्या मनात पाल चुकचुकणारच.

"काय लिहिताय?" मी विचारलं.

"नोंद ठेवतेय, वहिनी. केदारला आता दोन वर्षं तीन महिने झाले ना?"

वय मी सांगितलं नव्हतं. नावसुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्हाला हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं, तर बाई जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, की त्या माणसानं नाव सांगू नका असं बजावलंय. झालं. उरलासुरला विश्वासही गेला.

बाईंनी मग केदारला समोर घेऊन रंगीत मणी ओवायला दिले, ठोकळे रचायला दिले. ते त्यानं झटपट केलं. हाताचा हुशार आहे, म्हणाल्या. आई, पप्पा, पाणी, असं काही म्हणतो का? मी म्हटलं, म्हणंल. त्याचा बापसुद्धा तिसऱ्या वर्षी बोलायला लागला होता. बाई म्हणाल्या, म्हणेलही, पण अजून एक शब्दही नाही, तेव्हा का नाही ते आत्ताच बघितलेलं बरं. मिरजेला नेऊन कान तपासून घेऊया.

माझ्या पोराच्या कानाला काही झालेलं नाही, असं मी सांगितलं आणि वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. जाताना त्यांनी केदारच्या डोक्यावरून हात फिरवला. मी तोही डोळ्यांत तेल घालून बघितला.

आमचं घर म्हणजे चार माग आणि त्यांच्या कडेला उरलेल्या जागेत आम्ही. इचलकरंजीत तेव्हा अशी घरं गल्लोगल्ली होती. पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग, मधे एक दार, आणि दाराच्या अलीकडं स्वयंपाकघर. सकाळी सातला माग सुरू झाले की संध्याकाळपर्यंत घरात दुसऱ्या आवाजाला जागा नसायची. मांडणीवरची भांडी थरथरायची, तांब्यातल्या पाण्यावर सारख्या बारीक रेघा उठायच्या. लग्न होऊन आले तेव्हा आठ दिवस माझं डोकं ठणकलं, मग सवय झाली. दुपारी जेवणापुरते माग थांबायचे, आणि शुक्रवारी आमच्या भागात वीज नसायची म्हणून दिवसभर बंद असायचे.

अशा घरात तोंडानं कुणी बोलत नाही. ओठ मोठे हलवायचे आणि हातानं सांगायचं. तळहातावर बशी धरल्यासारखं केलं की चहा. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. मनगटावर बोट टेकवलं की किती वाजले. नवरा शेडमधून, मी चुलीपासून, सासूबाई कांड्या भरता भरता, असं आमचं दिवसभर हातांनी चालायचं. माग बंद झाल्यावरही सवयीनं आम्ही हातच हलवायचो.

केदार हे सगळं चालायच्या आधी शिकला. दीड वर्षाचा असताना त्यानं एकदा बापाकडं बघून बोटांची कात्री करून दाखवली, आणि खरोखरच तिसऱ्या मागावर धागा तुटलेला होता. दिनकरनं त्याला खांद्यावर घेऊन शेडभर फिरवलं. मागवाल्याचं पोर, उपजतच कामाला लागलं, असं मी गल्लीत चार जणींना सांगितलं. तो बोलत नाही याचं आम्हाला कधी काही वाटलंच नाही, कारण आमच्या घरात बोलत होतं कोण?

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. चाळीस वर्षं त्यांनी मागाच्या शेजारी काढली होती. आमचं दोघींचं फारसं पटायचं नाही, आणि त्याला कारण होतं. त्या माझ्या हाकेला ओ द्यायच्या नाहीत. शुक्रवारी घर शांत असायचं तेव्हासुद्धा मी आतून आत्याबाई, जेवायला चला म्हणून तीनतीनदा ओरडायचे, आणि त्या ओसरीवर ढिम्म बसलेल्या. समोर जाऊन उभी राहिले की मान वर करायच्या आणि माझ्या तोंडाकडं टक लावून बघायच्या, जणू माझ्या बोलण्यात चूक शोधतायत. दिनकर मात्र दाणदाण पाय आपटत आला, की त्यानं तोंड उघडायच्या आत त्या वळलेल्या असायच्या. मुलाकडं वळून बघायचं आणि सुनेला ओसुद्धा द्यायची नाही, याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाच वर्षं मी तो मनात ठेवला होता.

त्यातच गेले दोन महिने आत्याबाईंचं मंगळवारचं देवळात जाणं लांबलं होतं. चौंडेश्वरीचं देऊळ पंधरा मिनिटांवर, आणि आत्याबाई दोन-दोन तास परत यायच्या नाहीत. देवळाच्या पलीकडच्या गल्लीत माझी धाकटी जाऊ लता राहायची. वेगळं निघताना आमची बोलाचाली झाली होती, आणि तिचा मुलगा केदारपेक्षा तीनच महिन्यांनी मोठा असून दिवसभर पोपटासारखा बोलायचा. हेरवाडे बाई येऊन गेल्या त्या दिवशी मी भाकरी थापता थापता हे सगळं जुळवलं. आत्याबाई मंगळवारी लताकडं जाऊन बसतात, माझ्या पोराच्या गोष्टी सांगतात, आणि लतानं मला गल्लीत खाली बघायला लावायला ही बाई धाडलीय. दोन आणि दोन चार इतकं ते मला स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी लताच्या दारात जाऊन उभी राहिले. काय काय बोलले ते आज लिहायला लाज वाटते. तुझं पोर बोलतंय म्हणून माझ्या पोराला वेडं ठरवायला निघालीस काय, इथपर्यंत गेले. ती म्हणाली, वैनी, मी केदारचं नावसुद्धा कुणापाशी घेतलं न्हाई. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते पाणीही खोटं वाटलं.

घरी आले तर आत्याबाई केदारला पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. त्याचा हात त्यांनी आपल्या गळ्यावर धरला होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होत्या. मला बघताच त्यांनी हात सोडला. म्हातारी पोरावर काही करतेय की काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं. माझ्या मनाला तेव्हा काही वर्ज्य नव्हतं.

आठ दिवसांनी बाई परत आल्या. या वेळी मी तयारीत होते.

दुपारची जेवणाची वेळ होती, माग बंद होते. केदार स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून बसला होता, त्याची पाठ शेडच्या दाराकडं होती. मी बाईंना म्हटलं, इथं उभ्या राहा आणि नुसतं बघा. मग दारातून मी दिनकरला हात वर करून खूण केली. त्यानं पहिला माग सुरू केला.

पहिल्याच ठोक्याला केदारच्या हातातली कांडी खाली पडली. तो गर्रकन वळला, दाराकडं बोट केलं, आणि दोन्ही हात मागासारखे पुढंमागं हलवून मला दाखवायला लागला.

"बघितलं?" मी म्हटलं. "बहिऱ्याला माग ऐकू येतोय व्हय?"

बाई खाली बसल्या आणि उजव्या हाताचा तळवा त्यांनी फरशीवर सपाट टेकवला. तसाच ठेवला बराच वेळ. त्यांचे ओठ थोडे हलत होते. मी मनात म्हटलं, ही कसले मंत्र घालते माझ्या घराला. मग त्यांनी चप्पल काढलेली आपली पावलं बघितली, केदारची उघडी पावलं बघितली, आणि माझ्याकडं वळून विचारलं, घरात झोळी आहे का, टांगलेली.

झोळी होती, पण केदार मोठा झाल्यावर मी ती सोडून घडी करून ठेवली होती. रिकामी झोळी घरात टांगू नये, एवढं मला माहेरी शिकवलेलं होतं. परक्या बाईनं येऊन झोळी विचारावी, हे काही मला बरं वाटलं नाही. माझ्या तोंडावरचा भाव त्यांना दिसला असावा.

"वहिनी, माझ्यावर विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतः करून बघा. त्याला झोळीत बसवा, पाय कुठं टेकू देऊ नका, आणि मग माग सुरू करायला सांगा."

"आणि?"

"आणि काय होतं ते तुम्हीच बघा. फक्त उशीर करू नका. भाषा कानात शिरायचं हेच वय असतं, ते परत येत नाही. आत्ता त्याला ऐकायला मिळालं तर तो बोलायला शिकेल. सहा वर्षांचा झाल्यावर आणलात तर मी त्याला हातवारे शिकवीन, पण तेवढे त्याला आत्ताच येतात."

त्या गेल्यावर दिनकरनं माग थांबवून विचारलं, काय म्हणतीय ती? मी हातानंच झटकून टाकलं. काही नाही, म्हटलं.

पण संशय हा एकाच बाजूला तोंड करून बसत नाही. आतापर्यंत मी तो बाईंवर घेतला, लतावर घेतला, आत्याबाईंवर घेतला. आता तो फिरून माझ्याच पोराकडं बघायला लागला. केदारच्या मागं माझ्या हातून ताटली पडली, तो वळला, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. मग ध्यानात आलं, ताटली फरशीवर पडली होती. मी दारातून हाक मारली, तो वळला नाही. पोरं खेळात असली की ऐकत नाहीत, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो खाटेवर बसला असताना मागं जाऊन टाळी वाजवली. तो आपला चादरीचं सूत उपसत होता. टाळी हळू झाली असेल, म्हटलं. चार दिवस मी माझ्या लेकराच्या पाठीमागं चोरासारखी फिरले आणि प्रत्येक वेळी काहीतरी कारण शोधून काढलं.

गुरुवारी दुपारी मी ट्रंकेतून झोळीची साडी काढली आणि तुळईच्या कडीला बांधली. आत्याबाई कोपऱ्यात कांड्या निवडत बसल्या होत्या. त्यांनी झोळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हातातलं काम खाली ठेवलं. मी केदारला आत बसवलं, पाय आत घेतले, पाठ शेडकडं केली आणि हातात दोन कांड्या दिल्या. त्याला गंमत वाटली. इतका मोठा होऊन झोळीत बसायला मिळालं म्हणून तो हसला.

मी दिनकरला खूण केली. पहिला माग सुरू झाला.

केदार कांडी बोटात घालून बघत होता.

मी दोन बोटं दाखवली. दुसरा माग सुरू झाला. मग तिसरा. मग चौथा. मांडणीवरची भांडी वाजायला लागली, तांब्यातलं पाणी थरथरायला लागलं. माझ्या स्वतःच्या दातांत तो आवाज जाणवत होता. माझा मुलगा एका बोटातली कांडी काढून दुसऱ्या बोटात घालत होता.

मी हात आडवा करून सगळे माग बंद करायला लावले. पुन्हा सुरू करायला लावले. दिनकरला काही कळत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघून तो सांगेन ते करत राहिला. तिसऱ्यांदा चारही माग सुरू असताना मी केदारला झोळीतून उचललं आणि फरशीवर उभं केलं. पाय टेकल्याबरोबर त्यानं मान वळवली. दाराकडं बोट केलं, माझ्याकडं बघून खुदकन हसला, आणि दोन्ही हात पुढंमागं हलवायला लागला. माग सुरू झाला आई, असं तो मला सांगत होता.

त्या हसण्यानं माझा धीर सुटला. दोन वर्षं तीन महिने मी त्याला सोन्या म्हटलं, राजा म्हटलं, अंगाई म्हटली, आणि त्यातलं काही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी मटकन खाली बसले आणि रडले. मागांच्या आवाजात माझं रडणं मलाही ऐकू येत नव्हतं.

दिनकर दारात येऊन उभा राहिला आणि हातानं विचारलं, काय झालं? मी माझ्या कानाला हात लावला आणि हात हलवून नाही म्हणून दाखवलं. मग केदारकडं बोट केलं. दिनकर तिथंच उंबऱ्यावर बसला. चारही माग तसेच चालू होते, ते बंद करायचं भान कुणालाच राहिलं नव्हतं. शेवटी आत्याबाई उठल्या, शेडमध्ये जाऊन एकेक माग बंद करून आल्या आणि केदारला त्यांनी कडेवर घेतलं. त्यांना नवल वाटलेलं नव्हतं, एवढं मात्र मला त्या रडण्यातही दिसलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. केदारला घेऊन मी केंद्र शोधत गेले. देवळापासून हाकेच्या अंतरावर, शाळेची एक जुनी खोली होती ती. खाली सतरंजी, भिंतीला एक मोठा आरसा. एक मुलगी लाकडी खुर्चीत पट्ट्यानं बसवलेली, तिची मान सावरत नव्हती, आणि तिची आई तिच्यापुढं चेंडू धरून बसली होती. चेंडूकडं बघायला ती मुलगी फार वेळ घ्यायची, आणि बघितलं की तिची आई हसायची. मी दारातच उभी राहिले. आपण चुकीच्या ठिकाणी आलो, असं वाटून पाय मागं वळत होते. तेवढ्यात हेरवाडे बाईंनी येऊन केदारला हात दिला, आणि तो जुनी ओळख असल्यासारखा अजिबात न बुजता गेला.

बाई त्याला घेऊन आरशासमोर बसल्या. एक फुगा फुगवून त्यांनी त्याच्या दोन्ही हातांत दिला, फुग्याच्या पलीकडं ओठ लावले आणि मोठ्यानं बा म्हणाल्या. केदार दचकला. फुग्याकडं बघितलं, बाईंच्या ओठांकडं बघितलं. मग फुगा स्वतःच्या तोंडाला लावला. आवाज कसला निघाला नाही, नुसती फुंकर आली, पण तो पुन्हा पुन्हा फुगा पुढं करत राहिला. मी काही विचारायच्या आत बाईंनी मला खाली बसवलं आणि घरी रोज काय करायचं ते दाखवलं. बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर बसायचं, तोंडावर उजेड पडेल असं. त्याचा हात आपल्या गळ्यावर धरायचा आणि बोलायचं.

त्याचा हात गळ्यावर. मला एकदम आठवलं, हे मी कुठं बघितलं होतं ते.

तरीही मी विचारलंच. जुना स्वभाव तो.

"आता तरी सांगा बाई. माझ्या जावेनंच सांगितलं ना?"

"तुमच्या जावेला मी ओळखत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या सासूबाईंनी सांगितलं. दोन महिने झाले, दर मंगळवारी येतात. त्या खुर्चीशेजारी बसून आम्ही कसं शिकवतो ते बघतात. पहिल्या दिवशी दारात उभं राहून म्हणाल्या, माझा नातू पायानं ऐकतोय, त्याला बघायला चला. मला तर पहिल्यांदा कळलंच नाही त्या काय म्हणतात ते. तुमच्या फरशीवर हात टेकवला तेव्हा कळलं."

"मला का न्हाई सांगितलं त्यांनी?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, सुनंचा माझ्यावर इश्वास न्हाई. म्हातारी पोराला नावं ठेवतीय म्हणंल. माझं नाव घेऊ नगा."

मी मान खाली घातली. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं, अगदी शब्दशः तेच मी म्हटलं असतं. मग मी विचारलं, पण त्यांना कळलं कसं? आम्ही आई-बाप चोवीस तास त्याच्याबरोबर आणि आम्हाला कळलं नाही.

"ते त्यांनी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या आणि केदारसाठी दुसरा फुगा फुगवायला लागल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. मिरजेला तपासणी झाली. केदारच्या छातीवर पट्ट्यांनी बांधलेली, ऐकायच्या यंत्राची एक डबी आली, तिच्यातून कानात दोन वायरी. गल्लीतल्या बायका विचारायच्या, पोराला रेडिओ लावलाय काय? मी हो म्हणायचे. लताच्या दारात मला पुन्हा जाऊन उभं राहावं लागलं, आणि ते मिरजेला जाण्यापेक्षा अवघड होतं. तिनं मला आत बोलावलं, पाट दिला, आणि तिच्या मुलाला म्हणाली, आजपासून केदारशी समोर बसून बोलायचं. दिनकरनं शेड आणि घर यांच्यामधे भिंत घातली आणि मधलं दार बुजवून टाकलं. आठ महिन्यांनी केदारनं पहिला शब्द उच्चारला. आई नव्हता तो. दिनकरकडं बघून, हात आडवा करून, तो म्हणाला, बंद. आज तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, कॉम्प्युटरवर कापडाची डिझाइनं काढतो. त्याचं बोलणं जरा जड आहे, नवीन माणसं त्याला विचारतात, तुम्ही कुठल्या गावचे. तो म्हणतो, इचलकरंजीचा, आणखी कुठला.

पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारच्या दुपारचं.

केंद्रातून घरी येताना मी सगळ्या वाटेनं एकच विचार करत होते. बाईंना कळायला फरशीवर हात टेकवावा लागला. त्या शिकलेल्या, त्यांचं कामच ते. पण पोर पायानं ऐकतं, हे एखाद्याला नुसतं बघून कसं कळावं? माणसाला अशी गोष्ट एकाच तऱ्हेनं कळू शकते. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी रस्त्यात थांबले. मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवली तरी मी बाजूला झाले नाही.

घरात शिरले तेव्हा माग बंद होते, वीज नव्हती, सगळं शांत होतं. आत्याबाई ओसरीवर माझ्याकडं पाठ करून लसूण सोलत बसल्या होत्या. नेहमीसारखेच दोन्ही तळपाय उघडे, फरशीवर सपाट टेकवलेले. त्यांना असं बसलेलं मी पाच वर्षं बघत आले होते. दिनकरही जन्मापासून बघत आला होता. हातवारे करणाऱ्या, ओठ मोठे हलवणाऱ्या आमच्या घरात त्यांना कधी कुणाला काही सांगावंच लागलं नव्हतं.

मी चवड्यांवर हळूच त्यांच्यामागं तीन हातांवर गेले. केदार माझ्या कडेवर होता.

"आत्याबाई," मी म्हटलं.

त्यांनी लसणाची पाकळी सुपात टाकली.

"आत्याबाई," मी मोठ्यानं म्हटलं. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीतून डोकावून बघितलं. आत्याबाईंनी दुसरी पाकळी हातात घेतली.

मग मी उजवा पाय उचलला आणि फरशीवर आपटला.

आत्याबाई वळल्या. मान वर करून माझ्या तोंडाकडं टक लावून बघायला लागल्या, पाच वर्षं बघत आल्या होत्या तशाच. त्यांच्या डोळ्यांत थोडी भीती होती. हे पाच वर्षांत मला कधी दिसलं नव्हतं.

मी पुढं होऊन त्यांच्यासमोर फरशीवर बसले. केदारला मांडीवर घेतलं, आणि दारातला उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी सरकले. त्यांचा लसणाचा हात धरून मी माझ्या गळ्यावर ठेवला.

"आत्याबाई," मी सावकाश म्हटलं.

"ओ," त्या म्हणाल्या.